सावलीचे साक्षीदार

यंदा ज्येष्ठ महिना अधिक आला आहे. १७ मे रोजी सुरू झालेला हा पुरुषोत्तम मास १५ जूनपर्यंत चालेल. त्यामुळे रामकुंडावर पहाटेपासून स्नानासाठी आणि दीपदानासाठी येणाऱ्यांची वर्दळ वाढली आहे, आणि त्यांत साठी-सत्तरी ओलांडलेल्यांचे प्रमाण मोठे आहे. २०१८ नंतर प्रथमच आलेला हा अधिक ज्येष्ठ नेमका उन्हाळ्याच्या अखेरच्या, पावसाची वाट पाहणाऱ्या दिवसांत पडला आहे. आकाशात ढग येऊन जातात, वारा पडतो, हवेत दमटपणा वाढतो आणि अंगाची काहिली मात्र कमी होत नाही. पहाटे उत्साहाने घाटावर गेलेली वडीलधारी मंडळी नऊ-साडेनऊला परत निघतात, तेव्हा पायांखालची फरशी तापू लागलेली असते. अशा वेळी त्यांना सर्वांत आधी हवी असते ती सावली, आणि त्या सावलीत टेकायला एक जागा.

सावली ही आपण फुकटची गोष्ट मानतो. वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर उतारवयात तिची किंमत औषधाच्या बरोबरीची आहे. म्हणून या पंधरवड्यात, जागतिक पर्यावरण दिन आणि वटपौर्णिमा तोंडावर असताना, आपल्या शहरातील सावलीचा विचार करू.

उतारवयात ऊन का बाधते?

शरीराला सतत सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते. बाहेरची हवा त्वचेपेक्षा थंड असेल तोवर अंगातील उष्णता त्वचेवाटे बाहेर पडत राहते. हवेचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले, की हा मार्ग बंद होतो आणि घाम वाळण्यावरच भिस्त राहते. वय वाढते तशी घाम येण्याची क्षमता घटते, त्वचेकडे रक्त वळवण्याचे हृदयाचे सामर्थ्य कमी होते आणि तहान उशिरा लागते. दीर्घकाळच्या मधुमेहात घामाच्या ग्रंथींना आज्ञा देणारे मज्जातंतूच दुबळे झालेले असू शकतात. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातील पाणी कमी करतात; काही गोळ्या हृदयाचा वेग वाढू देत नाहीत; तर मूत्राशयाच्या, नैराश्याच्या किंवा कंपवाताच्या काही औषधांनी घाम कमी होतो. या गोळ्या आवश्यकच असतात आणि त्या स्वतःहून बंद करू नयेत. मात्र त्या घेणाऱ्या व्यक्तीला उन्हाची मर्यादा इतरांपेक्षा लवकर गाठते, हे घरातील सर्वांनी ध्यानात ठेवले पाहिजे.

उष्णतेचे बळी मोजण्यात नेहमी चूक होते, कारण मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार किंवा मूत्रपिंड निकामी होणे असे कारण लिहिलेले असते. अहमदाबादेत मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेनंतर संशोधकांनी त्या महिन्यातील मृत्यूंची तुलना आधीच्या वर्षांशी केली, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे आढळले. त्यातूनच २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेला तोंड देण्याचा आराखडा तयार केला. आपल्या महाराष्ट्रातही १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानावरील भव्य सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. श्रद्धेने आणि आनंदाने जमलेली माणसे होती ती. मैदानावर सावली असती तर, हा विचार मनातून जात नाही.

नाशिक तर हवेच्या सुखासाठी नावाजलेले शहर. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, गार रात्री, द्राक्षांना मानवणारी थंडी. मोगल काळात या गावाला गुलशनाबाद म्हणत. येथील जुन्या पिढीने पंख्याविना उन्हाळे काढले आहेत. आता एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि रात्रीही सिमेंटच्या भिंती दिवसभराची उष्णता ओकत राहतात. अंगणे गेली, वाडे गेले, रस्ते रुंद झाले. या बदलांतील काही अटळ होते, काही आपणच हौसेने केले. परिणाम मात्र ज्यांचे शरीर थकले आहे त्यांच्यावर आधी होतो.

झाड काय करते

भरदुपारी डांबरी रस्ता, फरशी किंवा पत्रा उन्हात जेवढा तापतो, त्यापेक्षा झाडाच्या सावलीतील तसाच पृष्ठभाग ११ ते २५ अंशांनी थंड राहू शकतो. हवेच्या तापमानातील फरक याहून पुष्कळ कमी, एखाद-दोन अंशांचाच असतो. परंतु माणसाला जाणवणारी उष्णता केवळ हवेची नसते. वरून पडणारे ऊन आणि खालून, बाजूंनी परावर्तित होणारी धग हीदेखील अंगावर येते. झाड ती अडवते. शिवाय पानांतून पाण्याची वाफ होताना आसपासची उष्णता खर्ची पडते. ताडपत्रीची सावली ऊन अडवते खरी, पण ताडपत्री स्वतः तापते आणि ती उष्णता खाली सोडते. वडाखालचा गारवा आणि मांडवाखालचा उकाडा यांतील भेद असा आहे.

सावलीचा दुसरा गुण चालण्याशी निगडित आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दर दोन-तीनशे पावलांवर थांबावे लागते. वाटेत सावली आणि बाक असेल तर तो भाजीला, देवळात, वाचनालयात जातो. नसेल तर हळूहळू घरीच बसू लागतो. बाहेर पडणे थांबले की स्नायू जातात, तोल जातो, गप्पा जातात, आणि मग मन खचते. गोल्फ क्लबच्या मैदानावर किंवा कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी जमणारे ज्येष्ठांचे गट पाहा. उन्हे वर आली, की ते आपोआप झाडांखाली सरकतात. गावोगावी वडा-पिंपळाला पार बांधणाऱ्यांनी हे फार पूर्वी जाणले होते.

जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांनाही झाडाचा उपयोग होतो. रॉजर अल्रिच या अमेरिकी संशोधकाने १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडे दिसत होती असे रुग्ण विटांची भिंत पाहणाऱ्यांच्या तुलनेत लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान होता, परंतु पुढे रुग्णालयांच्या रचनेवर त्याचा प्रभाव पडला. घरात रुग्णाची खाट ठेवताना खिडकीतून काय दिसेल, एवढा विचार आपणही करू शकतो.

तपोवनाचा प्रश्न

या पार्श्वभूमीवर तपोवनाकडे पाहू. गोदावरी आणि कपिला यांच्या संगमालगतचा हा परिसर रामायणातील प्रसंगांशी जोडलेला आहे, तसाच सिंहस्थाच्या साधुग्रामाशीही. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहणाने नव्या सिंहस्थपर्वाला आरंभ होणार असून २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्रमुख स्नाने आहेत. साधूंच्या निवासासाठी जागा हवी म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये महापालिकेने तपोवनातील सतराशेहून अधिक झाडांविषयी नोटीस काढली. काही तोडायची, काही अन्यत्र हलवायची, काही छाटायची, असा प्रस्ताव होता. शहरातून शेकडो हरकती आल्या, सुनावणीला गर्दी झाली, अभिनेते सयाजी शिंदे यांच्यासारखे वृक्षप्रेमी झाडांच्या बाजूने उभे राहिले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले.

दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात. सिंहस्थ हा नाशिकचा बारा वर्षांनी येणारा सोहळा. त्यासाठी येणाऱ्या साधूंची आणि लाखो भाविकांची व्यवस्था करणे हे यजमान शहराचे कर्तव्य आहे. जुने मोठे वृक्ष राखले जातील आणि जातील त्या झाडांच्या बदल्यात मोठ्या प्रमाणावर लागवड होईल, असे प्रशासनाचे म्हणणे. त्यावर नागरिकांचे म्हणणे असे, की वनात राहणाऱ्यांच्या स्वागतासाठी वन तोडणे विसंगत आहे, आणि झाडांच्या मधून, त्यांना धक्का न लावता राहुट्या उभारता येतील.

या वादात एक बाजू मात्र फारशी कुणी मांडली नाही. बदल्यात लावलेले वडाचे किंवा कडुनिंबाचे रोप नीट जगले, तरी माणसाला बसता येईल अशी सावली द्यायला त्याला दहा-पंधरा वर्षे लागतात. वीस वर्षांच्या तरुणाला ही मुदत परवडते. पंचाहत्तरीच्या माणसाला परवडत नाही. एका झाडाच्या जागी दहा रोपे लावली, म्हणून हिशेब जुळला असे कागदावर म्हणता येईल. पण आज ज्यांना सावली हवी आहे त्यांच्या वाट्याची सावली त्या हिशेबात कुठेच धरलेली नसते. सिंहस्थाला येणाऱ्या भाविकांतही वृद्धच अधिक असतील, आणि श्रावण-भाद्रपदातील उघडिपीचे ऊन किती चटका देते हे नाशिककरांना सांगायला नको. उभे असलेले झाड यात्रेकरूंच्याही सोयीचे आहे.

झाडाचे वय कोणाला ठाऊक?

येथे ज्येष्ठांच्या हाती एक सामर्थ्य आहे. नागरी भागातील झाडांच्या जतनासाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे. त्यानुसार महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असते. झाड तोडण्याआधी नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा अधिक वर्षे वयाच्या झाडाला प्राचीन वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाचे जेवढे वय, तेवढी नवी झाडे लावण्याचे तत्त्व आले. म्हणजे झाडाचे वय ही कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट झाली.

आता हे वय ठरवायचे कसे? झाडाचा जन्मदाखला नसतो. बुंध्याच्या घेरावरून अंदाज बांधतात, पण जातीनुसार, पाण्यानुसार तो चुकू शकतो. अशा वेळी “१९६८ साली आम्ही या गल्लीत राहायला आलो, तेव्हा हा पिंपळ दुसऱ्या मजल्याला टेकला होता,” असे सांगणारी आजी ही जिवंत नोंद असते. मुंजीच्या, लग्नाच्या, शाळेच्या गटाच्या जुन्या छायाचित्रांत मागे उभे असलेले झाड हा पुरावा ठरू शकतो. ज्या आठवणींना घरात कंटाळून “पुन्हा तेच” असे म्हटले जाते, त्या येथे उपयोगी पडतात.

उंटवाडीच्या जुन्या वडाचे उदाहरण ताजे आहे. उड्डाणपुलाच्या आखणीत हा शतकाहून जुना वृक्ष येत होता. नाशिककरांनी आवाज उठवला, तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांनी २०२२ मध्ये लक्ष घातले आणि झाड वाचवण्यासाठी आराखडा बदलण्याचा विचार झाला. झाड किती जुने आहे, हे लोकांच्या स्मरणात होते, म्हणूनच ते वाचवावे असे इतक्या जणांना वाटले.

म्हणून सुचवावेसे वाटते, की आपल्या परिसरातील ज्येष्ठ नागरिक संघाने किंवा चार शेजाऱ्यांनी मिळून एक साधी वही करावी. त्यात जवळच्या मोठ्या झाडांची जात, जागा, जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर मोजलेला घेर, आणि ते केव्हापासून पाहिले याची प्रत्येकाची आठवण, नाव व तारखेसह लिहावी. जुनी छायाचित्रे असतील तर त्यांच्या प्रती जोडाव्यात. घेर मोजायला नातवंडांना पाठवावे. ही वही नोटीस लागण्याच्या आधीच तयार असली पाहिजे, कारण हरकतीची मुदत थोड्या दिवसांची असते. हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी, भाषा सौम्य ठेवावी. त्यात “या झाडाखाली रोज अमुक इतके वृद्ध बसतात, बसची वाट पाहतात, दवाखान्यात जाताना थांबतात” अशी माहिती लिहिली, तर झाडाची सार्वजनिक गरज स्पष्ट होते.

लावायचे तर काय लावायचे?

नाशिककरांना लागवडीचा उत्साह नवा नाही. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर आणि म्हसरूळच्या वनजमिनीवर ‘आपलं पर्यावरण’ या संस्थेच्या पुढाकाराने गेल्या दशकात हजारो नागरिकांनी देशी झाडे लावली, आणि मुख्य म्हणजे लावल्यावर ती जोपासली. ५ जूनला आपल्याही वसाहतीत रोपे येतील. ती निवडताना आरोग्याचा विचार करावा.

कडुनिंब, करंज, कदंब, जांभूळ, बहावा ही आपल्या मातीतली झाडे सावली देतात आणि पक्ष्यांनाही आसरा देतात. वड, पिंपळ, उंबर यांना मोकळी, प्रशस्त जागा लागते. इमारतीला खेटून ती लावू नयेत. गुलमोहर दिसायला देखणा, पण त्याचे लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात, तेव्हा त्याखाली बाक नसलेला बरा. सप्तपर्णीच्या फुलांचा उग्र वास थंडीच्या तोंडावर दम्याच्या रुग्णांना नकोसा होतो. शोभेसाठी भराभर वाढणारे कोनोकार्पस तर टाळावेच. त्याच्या परागकणांमुळे श्वसनाच्या तक्रारी वाढतात, या कारणासाठी गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

जुन्या झाडांच्या बुंध्याशी घट्ट बसवलेले सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक हेही एक दुखणे आहे. पाणी आणि हवा मुळांपर्यंत पोचत नाही, झाड आतून अशक्त होते आणि एखाद्या वादळात कोसळते. दिल्लीतील झाडांबाबत २०१३ मध्ये हरित न्यायाधिकरणाने बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्यास सांगितले होते. आपल्या सोसायटीच्या आवारात तेवढी जागा मोकळी करायला कुणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

यंदा अधिक मासामुळे वटपौर्णिमा लांबून २९ जूनला आली आहे. तोवर पहिला पाऊस झालेला असावा. बाजारात विकायला आलेली वडाची फांदी आणण्यापेक्षा उभ्या वडाची पूजा करावी. ज्या सासूबाईंना तेथवर चालवत नाही, त्यांच्यासाठी कुंडीतले रोप आणावे आणि पावसाळ्यात योग्य जागी ते जमिनीत लावावे. फांद्या ओरबाडून केलेले व्रत वडाला महागात पडते.

घरच्या मंडळींसाठी

अधिक मासातील स्नान-दर्शनासाठी ज्येष्ठांना नेताना काही गोष्टी पाळाव्यात.

घाटावर पहाटे जावे आणि आठच्या आत सावलीत यावे. परतीच्या वाटेवर कुठे बसता येईल, हे आधी पाहून ठेवावे.

मधुमेहाने पायांची संवेदना गेली असेल, तर तापलेल्या फरशीचा चटका समजत नाही आणि फोड उशिरा दिसतो. मंदिराच्या आवारात जाड सुती मोजे घालावेत, घरी आल्यावर तळवे निरखून पाहावेत. पायाला जखम असताना नदीत उतरू नये. तीर्थ म्हणून नदीचे पाणी प्राशन करू नये. डोळ्यांना लावले तरी भाव पोचतो.

दर अर्ध्या तासाने दोन-चार घोट पाणी किंवा ताक द्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारात दिवसाला किती पाणी चालेल, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. मीठ घातलेली सरबते अशा रुग्णांना आपल्या मनाने देऊ नयेत.

बोलण्यात असंबद्धता, चालताना झोक जाणे, अंग तापणे, ग्लानी येणे यांपैकी काहीही दिसले, की उष्माघाताची शंका घ्यावी. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. रुग्णाला सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, मान, काखा आणि जांघांत ओले कापड ठेवून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

दुपारी बारा ते चार या वेळेत कुठल्याही समारंभाचे निमंत्रण असेल, तर “तिथे बसायला सावली आहे का?” असे निःसंकोच विचारावे. हा प्रश्न संयोजकांना वारंवार विचारला गेला, तर पुढच्या पत्रिकांवर वेळाही बदलतील.

पंचवटीला नाव मिळाले ते पाच वडांवरून. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजायला एक पिढी जाते, आणि ते कुणीतरी पाहिलेले असते. वाचकहो, तुम्ही पाहिलेले झाड कोणते, केव्हापासून, हे या पंधरवड्यात आपल्या वहीत लिहून ठेवा. अक्षर थरथरत असेल तर सांगा आणि नातवाकडून लिहून घ्या. खाली सही मात्र तुमची असू द्या.